ढोलीत लपवलेलं लुगडं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवापुढे बसते, तर देवालाही नाही. त्याला ठाऊकच असेल, म्हणून आपली गप्प राहिले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि भागरता आत्याला तुम्ही पाहिलेलं नाही. ज्यांनी तिचं हसणं ऐकलं होतं त्यांतलं आता कोणी उरलं नाही. मीच तेवढी.

मी शाळेत गेलेली बाई नाही. अक्षरं शिकले ती बाजारातल्या पुड्यांच्या कागदांवरून, तीही चाळिशी उलटल्यावर. तेव्हा लिहिण्यात चूकभूल होईल. पण आज लिहितेच. उद्या परत धीर होईल की नाही — कोण जाणे.

घरात मी एकटी असते. मालक जाऊन बारा वर्षं झाली, दोघी पोरी आपापल्या घरी. थोरलीनं टीव्ही आणून दिला. म्हणाली, आई, घरात आवाज असला म्हणजे बरं. आता त्या टीव्हीवर दुपारचे सिनेमे लागतात. अलीकडे एका तऱ्हेचे फार लागतात — म्हातारा अन् म्हातारी. त्याची बायको गेलेली, तिचा नवरा गेलेला. बागेत भेटतात, आधी भांडतात, मग चोरून आइस्क्रीम खातात. पोरं-सुना रागावतात. शेवटी म्हातारा घोडीवर बसतो, घोडी उधळते, सगळे पोट धरून हसतात. चांगले असतात हो ते सिनेमे. पण मी आवाज बंद करते. चित्र राहू देते. आवाज ऐकवत नाही.

का ऐकवत नाही, तेच सांगायचं आहे. पण आधी आत्या कशी होती ते सांगू द्या.

आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण. आई-बाप मरीच्या साथीत एका आठवड्यात गेले, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. आम्ही ढिवर. तलावातली मासोळी, थोडं धान, मोहाच्या दिवसांत मोहाची फुलं वेचायची. गाव नागभीडपासून दोन कोसांवर. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, पण आमच्याकडे कंदीलच होता. आत्या लवकरच विधवा झालेली, मूल नाही. त्या वेळी पंचेचाळीसची असेल. आज पंचेचाळीसची बाई स्कूटर चालवते. तेव्हा ती म्हातारी झाली असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं कुठे?

आणि मी एकोणीसची. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, अन् टाकलेली. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला गाडीत बसवून आत्याच्या दारात उतरवून दिलं. आत्यानं काही विचारलं नाही. म्हणाली, "ये वो अनसू, झिंगे भाजले हायेत. हात धू." बस. एवढंच. मी हात धुतले आणि जेवायला बसले.

तिचं हसणं — हे नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आहे. ती एकदम हसायची नाही. आधी गप्प व्हायची, मग उचकी लागल्यासारखा एक आवाज, आणि मग जे फुटायचं ते तलावाच्या पाळीवर ऐकू जायचं. बाया म्हणायच्या, भागरताबाई हासली का बगळे उडतात.

दिवाळी झाली की आमच्या झाडीच्या मुलखात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या साली नागभीडच्या मंडईला तंबूतला सिनेमा आला. आम्ही दोघी गेलो. पडदा मधोमध टांगलेला. एका बाजूला मशीन आणि पुरुष. बाया दुसऱ्या बाजूला, पडद्याच्या मागे. चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. आम्हाला वाटलं, सिनेमा म्हणजे असाच असतो. सिनेमा हिंदी होता. नाव आठवत नाही. पडद्यावर लिहिलं असेल, पण आम्हा बायांना सुलट अक्षर येत नव्हतं, उलटं कुठून येणार? गोष्ट एका म्हाताऱ्या स्टेशन मास्तरची. खानावळ चालवणाऱ्या बाईवर जीव जडतो त्याचा. तिला पाहायला रोज दोनदा जेवायला जातो, दोन्ही वेळा पोट बिघडतं. एकदा तिचा भाऊ येतो, तर हा पिठाच्या कणगीत लपतो आणि बाहेर निघतो तो सगळा पिठाचा!

आत्या जोरात म्हणाली, "अवो, हा मानूस डाव्या हातानं काऊन जेवते वो? म्हनूनच त्याले पचत नाई!"

आणि पडद्याच्या पलीकडून, पुरुषांतून एक आवाज आला — "इकडं उजव्यानंच जेवून राह्यला बाई! तुमीच तिकडून उलट्या बसल्या!"

सगळा तंबू हसला. आत्या गप्प झाली. मग ती उचकी आली — अन् मग काय सांगू! बाकीचे थांबले तरी तिचं चालूच. पलीकडून तो आवाज परत म्हणाला, "हासू द्या, हासू द्या. सिनेमा थांबला तरी चालन." पुढे सिनेमाभर असंच. ती इकडून हसायची, तो तिकडून. चेहरा कोणी कोणाचा पाहिलेला नाही, मध्ये तो मास्तर अन् खानावळवाली.

खेळ सुटल्यावर तो तंबूच्या दोराजवळ उभा होता. उंच, वाळका, दाढी वाढलेली, पन्नाशीचा. विचारत होता, "हासनाऱ्या बाई कोन?" त्याचं नाव डोमाजी. आमच्याच जातीतला, आरमोरीकडचा. कोशाचं पीक काढायचा. बायको जाऊन दहा वर्षं झालेली.

कोसा म्हणजे रेशमाचे किडे. ते ऐनाच्या झाडांवर सोडतात आणि पीक उतरेपर्यंत माणूस रानातच राहतो, पाखरं हाकत. त्याचं बंधन मोठं कडक. मासोळी-मटन बंद, दाढी बंद, जमिनीवर निजायचं. बंधन मोडलं तर किडा मरतो अशी श्रद्धा. तेव्हा कोसा झाडावर होताच. आत्यानं त्याला टोमणा मारला, "बंधनात सिनेमा पाहाले चालते का भाऊ?" तो म्हणाला, "बंधन तोंडाले हाये बाई. कानाले नाई."

आणि मग पाहा, पुढच्या बाजारी हा माणूस आमच्या टोपलीपुढे हजर. "मासोळी द्या." ज्यानं मासोळीला शिवूही नये तो मासोळी मागतो! आत्यानं पळसाच्या पानात बांधून दिली. त्यानं दोरीच्या टोकाला धरून, मेलेला उंदीर न्यावा तशी हात लांब करून नेली. पुढच्या बाजारी परत. त्याच्या पुढच्या बाजारी परत. एक दिवस मडकी विकणारी म्हातारी आत्याला म्हणाली, "भागरता, तुयावाले मरळ लय गोड लागतात वो. तुया कोसेवाला आनून देते दर बाजारी. त्याले सांगजो, पुढच्या वेळी मोठी आन मनून."

आत्या लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन तिनं चुलीपुढे त्या मास्तरची नक्कल केली. पोट धरून चालायची, कण्हायची. मी हसले. हो, हसले मी. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं असं लिहू का? नाही. वाटलं होतं. कुठेतरी काटा रुतल्यासारखं.

मी अजून मूळ गोष्टीवर आले नाही, मला कळतं आहे. येते.

आमच्यात विधवेचा, टाकलेलीचा पाट लागतो. म्हणजे दुसरं लग्न होतं. त्यात पाप काही नाही. पण त्याचं विचारणं फार अलगद असतं. पुरुष बाईला तोंडानं विचारत नाही. तो लुगडं आणतो आणि तिच्या घरातल्या दुसऱ्या बाईच्या हातात देतो. लुगडं पुढच्या बाजारापर्यंत परत आलं नाही, तर हो. परत आलं, तर नाही. परत आलं की पुरुषानं एक शब्द विचारायचा नाही, आणि त्या बाजारात परत पाऊल टाकायचं नाही. आणि लुगड्याची गोष्ट मग दोन्ही घरांत कोणी काढायची नाही. कोणाचीच मान खाली जाऊ नये, म्हणून मोठ्या माणसांनी केलेली ही रीत. किती चांगली रीत! मी तिच्याच आड लपले.

शिमगा आठ दिवसांवर होता. आत्या मीठ आणायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. डोमाजी आला. दाढी केलेली. ओळखू आला नाही आधी. पंच्यात गुंडाळलेलं लुगडं माझ्या हातात दिलं. कोशाचं. स्वतःच्या पिकाचा कोसा, त्यानंच विणून घेतलेला. रंग न दिलेला, वाळलेल्या धानाच्या रंगाचा, आणि काठ लाल. म्हणाला, "अनसू, तुया आत्यासाठी. घाई नाई. आठ दिस हायेत." आणि मग मागे वळून, "तूही संग येजो वो पोरी. घर मोठं हाये."

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले की मला एकटं पडायची भीती वाटली. आत्या गेली तर मी त्या घरात एकटी कशी राहणार, म्हणून मी तसं केलं. पण तो तर मलाही बोलावून गेला होता. मग भीती कसली?

भीती नव्हती. मी एकोणीसची होते. टाकलेली. बाजारात माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. आणि लुगडं आलं ते कोणासाठी? पिकलेल्या केसांच्या, मासोळीचा वास येणाऱ्या, उचकी देऊन हसणाऱ्या बाईसाठी. माझ्यासाठी नाही. असूया म्हणतात ना, ती. ज्या हातांनी मला जेवू घातलं, त्या हातांत लुगडं पडलेलं मला पाहवेना. बस, एवढंच आहे ते. एवढंसंच आहे.

मी लुगडं टोपलीच्या तळाशी ठेवलं, वर पानं टाकली. घरी आल्यावर ढोलीत, म्हणजे आमच्या कणगीत, धानाच्या आत, खोल पुरलं. आठ दिवस ते तिथं होतं. आत्या धान काढायला ढोलीपाशी गेली की मी धावत जायची. "तू बस, मी काढून देतो." ती म्हणायची, "कितीक जीव लावते वो पोरगी मले." असं म्हणायची ती.

आणि एक दिवस — हेही सांगून टाकते — ती तलावावर गेली असताना मी ते काढलं आणि नेसले. घरात आरसा नव्हता. पाण्याच्या घागरीत वाकून पाहिलं. काठ तेवढे लाल दिसले. मग धानाचा भुसा झटकून पुन्हा घडी घातली, त्याच्या पंच्यात बांधली.

बाजाराच्या दिवशी आत्यानं सकाळीच न्हाऊन घेतलं. बाजाराला जाताना ती कधी न्हात नसे. मासोळी विकायला बसायचं तर न्हायचं कशाला? तिला काही ठाऊक नव्हतं, पण शिमग्याचा बाजार, कोसा उतरलेला, दाढीचं बंधन सुटलेलं... तिनं हिशेब केला असेलच ना मनाशी? बाई होती ती. मी मात्र तिला आधी टोपलीपाशी बसवलं, आणि मडकीवालीकडे जाऊन येते म्हणून निघाले.

तो चिंचेखाली उभा होता. मी पंचा पुढे केला. रीत एवढीच होती. मुकाट्यानं द्यायचं आणि वळायचं. मी तिथे थांबले असते तरी पाप पुरेसं झालं असतं. पण मी थांबले नाही. माझी जीभ चालली. मी म्हणाले, "आत्या हासली. मने, मी का त्या सिनेमातली म्हातारी हाओ?"

त्यानं लुगडं घेतलं. पंच्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "हासली न? बरं. चांगलं हासते ते."

आणि गेला. आमच्या टोपलीकडे वळूनही पाहिलं नाही. रीतीचा माणूस.

आत्यानं त्या दिवशी सगळी मासोळी विकली, एक मरळ सोडून. ती पानात बांधून वेगळी ठेवली होती. उन्हं उतरली, बाजार उठला, तरी ती बसून. शेवटी मीच म्हटलं, चाल. वाटेत तिनं ती मरळ मडकीवालीच्या हातात दिली. 

तीन बाजार गेले. मग एक दिवस जाळं दुरुस्त करताना, माझ्याकडे न पाहता आत्यानं विचारलं, "अनसू, तुयापाशी काई बोलला होता का वो तो?"

मी म्हणाले, "नाई. काई नाई बोलला."

तिनं गाठ मारली. दातानं दोरा तोडला. "मीबी एक येडीच," म्हणाली.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही संपलं. खरं ते पुढेच आहे.

दोन वर्षांनी माझ्यासाठी लुगडं आलं. मुल गावाकडचा माणूस, चांगला, थोड्या शेतीचा. रीतीप्रमाणे त्यानं ते आत्याच्या हातात दिलं. आणि आत्यानं काय केलं असेल? टोपली तशीच बाजारात टाकून, दोन कोस भर उन्हात धावत घरी आली. धाप लागलेली, पदर डोक्यावरून सुटलेला. दारातूनच ओरडली, "अनसू! अवो तुले इचारलं! तुले इचारलं वो कोनंतरी!" आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बगळे उडाले की नाही मला ठाऊक नाही. मी खाली पाहत होते.

मी ते लुगडं ठेवून घेतलं. हो. जिला सोडून जाऊ दिलं नाही, तिला मीच सोडून गेले.

निघायच्या दिवशी तिनं गाडीत माझ्याशेजारी झिंग्यांची पुरचुंडी ठेवली. मी म्हटलं, आत्या, तू एकटी कशी राहशील? मला वाटतं, मी हे बोलायला हवं म्हणून बोलले. ती म्हणाली, "मायी काळजी नोको करू. तुले इचारलं, तू जाऊन राह्यली. मले कोनं इचारलंच नाई, तं मी कुठी जाऊ?"

गाडीवाल्यानं बैलांच्या शेपट्या अजून पिळल्या नव्हत्या. गाडी उभी होती. ती चाकाला हात लावून उभी होती. मी बोलू शकले असते. तेवढा वेळ होता. मी म्हणाले, "बरं, येतो."

त्यानंतर ती सोळा वर्षं जगली. मी वर्षातून दोनदा जायची, दर वेळी सांगायचं ठरवून जायची. दर वेळी ती जेवायला वाढायची आणि मी जेवायची.

एकदा मुलला तंबूतला सिनेमा आला तेव्हा तिला बोलावून घेतलं. तेव्हाही बाया पडद्यामागेच. हसायचाच सिनेमा होता, सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी आत्याकडे पाहिलं. ती चित्राकडे पाहतच नव्हती. मान जराशी वाकडी करून, कान पडद्याकडे लावून बसली होती. पलीकडचे पुरुष हसले की ऐकायची. थांबले की जरा अजून ऐकायची. खेळ संपेपर्यंत तशीच. एकदाही हसली नाही. मी शेजारी बसले होते. माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला.

डोमाजीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. आरमोरी काही परदेश नव्हतं. मी विचारलं नाही.

आता दुपारी सिनेमा लागतो. म्हातारा घोडीवर बसतो, म्हातारी लाजते, सगळ्यांची तोंडं उघडतात. आवाज मी बंद केलेला असतो. घरात पंख्याचा तेवढा येतो.

आत्याला विचारलं होतं. शिमग्याच्या आधी, भर बाजारात, दाढी करून आलेल्या एका माणसानं विचारलं होतं. लुगडं त्याच्या स्वतःच्या कोशाचं होतं. काठ लाल होते. ते मी पाहिले, तिनं नाही.